रोंडाच्या अंगणातलं बी

मैत्रिणींनो, फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीशेजारी तुम्ही कधी ओल्या वाळूची पिशवी ठेवली आहे का? माझ्या फ्रिजमध्ये ती चांगली पाच आठवडे होती. आमच्या ह्यांनी एकदा ती भिजवलेला रवा समजून ओट्यावर काढून ठेवली, तेव्हा मी अशी काही ओरडले, की शेजारच्या आजींनी खिडकी उघडून "काय झालं गं?" म्हणून विचारलं. त्या वाळूत होतं एका झाडाचं बी. कुठल्या झाडाचं, आणि त्याच्यासाठी माझा जीव एवढा का टांगणीला लागला होता, तेच आज तुम्हांला सांगायचं आहे.

पण आधी आम्ही तिथे कसे जाऊन पोहोचलो ते सांगते. ह्यांना कंपनीनं तीन वर्षांसाठी दक्षिण स्पेनमध्ये मालागा इथे पाठवलं. ऑफिसात जायचं आठवड्यातून दोनच दिवस, बाकीचं काम घरून. मालागात घरभाडी परवडेनात, म्हणून आम्ही डोंगरातल्या रोंडा नावाच्या गावात घर घेतलं. ऐकायला किती छान वाटतं! पण मी तेव्हा साताऱ्याच्या एका शाळेत सहा वर्षं अर्धवेळ शिकवत होते, आणि कायम होण्याची आशा नुकतीच दिसू लागली होती. तीन वर्षांची रजा कोण देणार? राजीनामा लिहून दिला. घरी येऊन पोळ्या लाटताना डोळ्यांत पाणी आलं, ते कांद्याच्या नावावर खपवलं. तुमच्यापैकी कितीजणींनी असा राजीनामा लिहिला असेल, हे मला सांगायला नको.

आम्ही रोंडाला पोहोचलो ते २०२१ च्या सप्टेंबरात. सामान उतरवतो तोच दक्षिणेकडच्या डोंगरांमागे धुराचा प्रचंड ढग उभा राहिलेला दिसला. सिएरा बेर्मेखा नावाच्या डोंगराला वणवा लागला होता. आसपासची काही गावं रिकामी करावी लागली, वणवा विझवणारा एक जवान दगावला आणि जवळजवळ दहा हजार हेक्टर जमीन होरपळली. सारी गल्ली तोंडावर हात धरून तिकडे बघत उभी होती. शेजारच्या घरातल्या एक आजी, काळा झगा, वर लोकरीचा शेला, हात जोडून पुटपुटत होत्या. मला स्पॅनिश येत नव्हतं. पण एक शब्द त्या पुन:पुन्हा म्हणत होत्या, तो कानात राहिला. "पिन्सापो, पिन्सापो." मला वाटलं, कुणा माणसाचं नाव असेल!

बाटली धुवायच्या ब्रशासारखी फांदी

ते नाव झाडाचं होतं. आजींच्या अंगणातच एक उभं होतं, घराच्या कौलांच्या कितीतरी वर गेलेलं.

पिन्सापो म्हणजे फर जातीचं सूचिपर्णी झाड. देवदार, चीड यांच्याच मोठ्या कुळातलं. ते नेमकं कसं दिसतं म्हणाल, तर बाटली धुवायचा ब्रश डोळ्यांपुढे आणा. इतर फर झाडांची पानं बहुतेक फांदीच्या दोन बाजूंना पसरतात. पिन्सापोची पानं फांदीभोवती चहूकडून निघतात. जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर लांब, जाड, ताठ. इंग्रजीत त्याला हेजहॉग फर म्हणतात ते उगीच नाही. रंग निळसर राखी, काही झाडांवर तर फांद्यांना पिठी चोळल्यासारखा. ह्या रंगासाठी आणि मंदिराच्या शिखरासारख्या आकारासाठी युरोपातले हौशी लोक बागेत शोभेला पिन्सापो लावतात.

आणि शंकू! चिडाचे शंकू फांदीला लोंबतात आणि अख्खेच्या अख्खे खाली पडतात, आपण ते गोळा करून शोकेसमध्ये मांडतो. पिन्सापोचे शंकू समईच्या वातींसारखे फांदीवर उभे असतात, तेही झाडाच्या शेंड्याकडे. पिकले की ते पडत नाहीत, जागच्या जागीच त्यांचे खवले सुटतात. खवले आणि पंखवाली बी वाऱ्यावर झुलत खाली येतात, आणि फांदीवर उरते नुसती मधली काडी. म्हणून पिन्सापोचा अख्खा शंकू जमिनीवर सहसा सापडत नाही.

पुढे भाषा जरा जमू लागली तशी आजींची आणि माझी गट्टी झाली. त्या मला "ईखा" म्हणत. ईखा म्हणजे लेकी. मी त्यांना थालीपीठ द्यायची, त्या मला बदामाची वडी. त्यांचे यजमान तरुणपणी जंगलात मजुरीला जात. १९६६ साली मुलगा झाला तेव्हा त्यांनी टीचभर रोप आणून अंगणात लावलं. यजमान जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. मुलगा बार्सिलोनाला, वर्षातून एकदा नाताळात यायचा. "तो लांब गेला, हा इथेच राहिला," आजी झाडाकडे बोट दाखवून म्हणत.

जिथे ते आपोआप उगवतं

रोंडा हे गाव पाहण्यासारखंच. गावाच्या मधोमध ग्वादालेविन नदीनं कापलेली खोल दरी, आणि तिच्यावर १७९३ मध्ये पुरा झालेला दगडी पूल, दरीच्या तळापासून जवळजवळ शंभर मीटर उंच. पहिल्यांदा कठड्यावरून खाली पाहिलं तेव्हा लेकीचा हात मी इतका घट्ट धरला, की तिला वळ उठले. गंमत म्हणजे समुद्रसपाटीपासूनची रोंडाची उंची साधारण आमच्या साताऱ्याइतकीच, सुमारे ७०० मीटर. हवा मात्र अगदी उलट. पाऊस पडतो हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा ठणठणीत, आणि जानेवारीत पहाटे गाडीच्या काचेवर हिमाची साय.

पहिल्या वसंतात आम्ही ग्राथालेमाला गेलो. रोंडाहून तासाभराच्या आतला रस्ता. डोंगराच्या कुशीत पांढरंशुभ्र गाव, लोकरीच्या घोंगड्यांसाठी आणि शेळीच्या चीजसाठी नावाजलेलं. अटलांटिकवरून आलेले ढग इथल्या डोंगरांना पहिल्यांदा अडतात, म्हणून स्पेनमधल्या सर्वांत जास्त पावसाच्या जागांमध्ये ह्या गावाची गणना होते. वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक! महाबळेश्वर पाहिलेल्या आम्हांला त्याचं काय कौतुक? पण आंदालुसियाच्या भाजक्या मातीत हा पाऊस म्हणजे नवलच, आणि पिन्सापो तगला तो ह्याच पावसावर.

सिएरा देल पिनार ह्या डोंगराच्या उत्तर उतारावर त्याचं रान आहे. आत जायला आधी परवानगी घ्यावी लागते, आणि उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीनं बंधनं येतात. आम्ही परवानगीचा कागद घेऊन सकाळी चढायला लागलो. पहिला चढ उघडा, खडकाळ, डोक्यावर गिधाडं घिरट्या घालताहेत. लेक "किती राहिलं?" विचारून विचारून दमली. मग वाट खिंडीतून पलीकडे वळली, आणि काय सांगू! एकदम गारवा. ऊन मागे राहिलं. उतारभर निळसर हिरवे पिन्सापो, काही सरळसोट, काही इतके जुने की खोडं पिळवटलेली, शेवाळलेली. पायाखाली पानांचा मऊ थर आणि हवेत लिंबाच्या सालीसारखा, जरासा टर्पेंटाइनसारखा वास. मी साताऱ्याहून निघाल्यापासून पहिल्यांदाच गप्प बसले, असं हे अजून सांगतात.

ह्या झाडाचं नवल असं, की आपोआप वाढलेलं ते जगात फार थोड्या जागी आहे. स्पेनमध्ये तीनच डोंगरांवर: हा ग्राथालेमाचा, रोंडाच्या पलीकडचा सिएरा दे लास निएव्हेस, आणि आम्ही जळताना पाहिला तो सिएरा बेर्मेखा. समुद्रापलीकडे मोरोक्कोच्या रीफ पर्वतात त्याचं अगदी जवळचं भावंड आहे. हिमयुगात फर झाडं खालच्या मुलखातही पसरलेली होती. हवा तापत गेली तशी ती वर वर सरकली, आणि डोंगरांच्या सावलीच्या बाजूला अडकून राहिली. आता आणखी वर जायला डोंगरच उरलेला नाही. आजी त्या दिवशी हात जोडून का उभ्या होत्या, ते मला तिथे कळलं.

शास्त्रज्ञांच्या वहीत हे झाड आलं ते पुष्कळ उशिरा. एडमंड बोइसिए नावाचा जिनीव्हाचा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ १८३७ साली ह्या डोंगरांत फिरला आणि १८३८ मध्ये त्यानं ह्या झाडाला शास्त्रीय नाव दिलं. गावकऱ्यांनी मात्र त्याला केव्हाच पिन्सापो म्हणून ठेवलं होतं. त्यांनी ते कोळशासाठी तोडलं, तुळयांना वापरलं, शेळ्यांनी कोवळी रोपं फस्त केली. सिएरा दे लास निएव्हेस म्हणजे बर्फांचा डोंगर. तिथले मजूर हिवाळ्यात बर्फ खड्ड्यांत ठेचून भरत, वर झाडपाला घालून झाकत, आणि उन्हाळ्यात रात्रीच्या गारव्यात खेचरांवर लादून शहरांत विकायला नेत. फ्रिज नव्हते तेव्हाची ही गोष्ट. पुढे रान राखायला सुरुवात झाली. ग्राथालेमाला १९७७ मध्ये युनेस्कोच्या राखीव जीवावरणात जागा मिळाली, आणि सिएरा दे लास निएव्हेस २०२१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं.

लेकीनं वाटेत एक वाळकी काडी उचलली, शंकूची मधली. पुढून येणाऱ्या वनरक्षकानं हसून ती तिच्या हातून घेतली आणि झाडाखाली ठेवली. "इथलं इथेच," एवढंच म्हणाला. लेक रुसली. तेव्हा मी तिला म्हटलं, "आजींच्या झाडाचं बी आपण लावू." आई बोलून जाते, आणि मग निभवावं लागतं!

पहिल्या वर्षाची फजिती

खरं तर माझा एक प्रयत्न तोवर चालूच होता, आणि तो फसत होता. आदल्या डिसेंबरात पावसानंतर आजींचं अंगण झाडताना मी मूठभर बी गोळा केलं होतं. वाटलं, मेथी पेरतो तसं पेरायचं, आणखी काय? कुंडीत टाकलं, रोज पाणी घातलं. मार्च गेला, एप्रिल गेला. दोन कोंब आले आणि आठवड्यात मानेपाशी काळे पडून लोळले. सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर म्हणाल्या, "बीए होऊन तिकडे कुंडीत चिखल कालवतेस होय?" त्या थट्टेनं म्हणाल्या, पण मला ते लागलं. नोकरी सोडली, भाषा धड येत नाही, आणि साधं बी उगवेना!

त्या वर्षी मी संध्याकाळी एका खाजगी वर्गात मुलांना इंग्रजी शिकवू लागले होते, आठवड्याचे सहा तास. तिथल्या एका मुलाचे वडील ग्राथालेमाजवळ शेती करत, त्यांची स्वतःची छोटी रोपवाटिका होती. त्यांच्यापुढे मी माझी कैफियत मांडली. ते हसले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही पेरलं ते बी नव्हतं, फोलपटं होती." मग त्यांनी समजावलं. एकटं झाड स्वतःच्याच परागांवर भागवतं, त्यामुळे त्यातलं पुष्कळसं बी आत पोकळ निघतं. जे भरलेलं असतं, तेही ओल्या फरशीवर महिनाभर पडलं की कुजतं. आणि जे चांगलं राहिलं, त्याला आधी थंडीची झोप हवी. डोंगरात ते बर्फाखाली निजतं, मग वसंतात जागं होतं.

मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, पुढच्या वर्षी.

पण २०२२ च्या उन्हाळ्यात आजींचा मुलगा आला, तो घर विकायचं ठरवूनच. आजींना एकटं ठेवणं त्याला बरोबर वाटत नव्हतं, आणि त्यातही त्याचं काही चुकत नव्हतं. गिऱ्हाईक मिळायला वर्ष-दीड वर्ष लागेल म्हणाला. झाडाच्या मुळांनी मागची भिंत फुगवली होती. येणारा माणूस झाड ठेवील का, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. आजींनीही नाही. त्या फक्त मला म्हणाल्या, "ईखा, ह्या वर्षी नीट कर."

आणि ह्या झाडाचा स्वभाव असा, की एका वर्षी शंकूंनी लगडतं आणि मग एक-दोन वर्षं विसावा घेतं. त्या वर्षी शेंड्यावर मोजून सहा शंकू होते.

अंगणात अंथरलेली साडी

सप्टेंबरच्या अखेरीपासून मी रोज सकाळी मान वर करून बघायची. शंकू तपकिरी झाले, खवले सैल वाटू लागले. ऑक्टोबरात एका सकाळी वारा सुटणार असं दिसलं. आता एवढं मोठं कापड आणायचं कुठून? मी पेटीतली माझी जुनी सुती साडी काढली, आईनं दिलेली, जांभळी, नरम झालेली. ती झाडाखाली अंथरली आणि चारी कोपऱ्यांवर कुंड्या ठेवल्या. आजी खुर्ची टाकून बसल्या. दुपारी वारा आला, आणि वरून खवल्यांचा आणि बियांचा असा सडा पडू लागला! गिरक्या घेत, उन्हात चमकत. लेक टाळ्या पिटत होती. आजींनी झग्यावर पडलेली एक बी उचलून माझ्या हातावर ठेवली, काही बोलल्या नाहीत.

तीन दिवसांत वाटीभर बी जमलं. आता कृती सांगते, नीट ऐका, कारण माझ्या चुकांतून ती तयार झाली आहे.

आधी चार-पाच बिया सुरीनं कापून पाहा. आत पांढरा, भरीव गर असेल तर बी जिवंत, पोकळ किंवा नुसता तेलकट वास असेल तर गेलं. माझ्या दर पाचांत तीन-चार पोकळ निघत होत्या, म्हणून जरा जास्तच पेरायचं ठरवलं. बी सावलीत दोन-चार दिवस सुकवून बरणीत घालून थंड जागी ठेवलं. जानेवारीत पंख हातानं चोळून काढले. बी दाबून घासू नका बरं का, त्याच्या सालीत राळेच्या बारीक पिशव्या असतात, त्या फुटल्या तर बी दुखावतं. मग एक रात्र साध्या पाण्यात भिजवलं, उपसलं, ओल्या वाळूत कालवलं. वाळू मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, आपण शंकरपाळ्यांचं पीठ बघतो ना, तसंच. पिशवीत भरून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पाच आठवडे. फ्रीझरमध्ये नव्हे! दर आठवड्याला पिशवी उघडायची, हवा द्यायची, बुरशी आलेलं बी वेचून टाकायचं.

फेब्रुवारीअखेर पेरलं. कुंडी पसरट नको, खोल हवी, कारण पाल्याआधी ह्याचं मूळ खाली धावतं. मी दुधाचे उंच खोके कापून तळाला भोकं पाडली. निम्मी माती, निम्मी जाड वाळू, आणि त्यात आजींच्या झाडाखालची एक मूठ माती. त्या मातीत मुळांशी सोयरीक करणारी बुरशी असते, ती रोपाला अन्नपाणी मिळवून देते. विरजण लावतो तसं समजा. बी जेमतेम एक सेंटिमीटर खोल, वर बारीक खडी.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पहिला कोंब आला! लालसर देठ, वाकलेला, डोक्यावर बियांचं टरफल टोपीसारखं. मला राहवेना, मी एकाची टोपी बोटानं काढायला गेले आणि मानच तुटली. लेकीनं माझ्याकडे असं बघितलं की पुसू नका. टोपी आपोआप पडू द्या. ती पडली की सहा-सात हिरव्या पानांची चांदणी उलगडते, रांगोळीत काढतो तशी.

अकरा उगवली. पहिल्या वर्षी मी ज्या मायेनं पाणी घालून रोपं मारली, ती माया यंदा आवरली. वरची माती सुकल्याशिवाय पाणी नाही, वारा खेळता, सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली. तरी चार कुजलीच. एक मांजरानं उकरलं. जुलै-ऑगस्टात रोंडा तव्यासारखा तापतो, तेव्हा कुंड्या न्हाणीघराच्या खिडकीखाली हलवल्या, त्यातही तीन वाळली. उरली तीन. आणि वाढ किती, तर वर्षाच्या शेवटी चार बोटंसुद्धा नाही! मुलगा मापून बघतो तशी मी पट्टी लावायची. आजी म्हणत, "पहिली चार-पाच वर्षं तो काही दाखवत नाही. सगळं खाली करतो." मला ते शब्द फार बरे वाटायचे. का, ते तुम्हांला कळेल.

तीन रोपं, तीन घरं

२०२४ च्या वसंतात घर विकलं गेलं. नवीन मालकाला तिथे पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या होत्या. आजी निघाल्या त्या दिवशी मी तिन्ही कुंड्या त्यांच्यापुढे ठेवल्या आणि म्हटलं, "तुम्ही निवडा." त्यांनी सगळ्यांत बारकी निवडली. मी म्हटलं, हे कदाचित जगायचं नाही. त्या म्हणाल्या, "म्हणूनच. मलाही आता फार दिवस लक्ष द्यायचं नाहीये." आणि स्वतःच खुदकन हसल्या. बार्सिलोनाच्या गॅलरीत ते रोप पोहोचलं.

मे महिन्यात करवत चालली. मी लेकीला घरात थांबवणार होते, पण तीच गेली. संध्याकाळी माणसं गेल्यावर आम्ही दोघी बुंध्याशी बसून वर्तुळं मोजली. पन्नासच्या पुढे गेलो, मग मध्याजवळ ती इतकी बारीक की गर्दी झाली. तीच ती पहिली चार-पाच वर्षं. अंगणभर लिंबाच्या सालीचा वास होता.

आम्हांला जूनमध्ये परतायचं होतं. रोप बरोबर आणावं असं फार वाटलं. पण परदेशातून रोपं, बी, माती आणायला आधी परवाना आणि तपासणीचे कागद लागतात, आणि ते योग्यच आहे. एका कुंडीतून कुठली कीड आपल्या शेतांत येईल, सांगता येत नाही. शिवाय साताऱ्याच्या गच्चीवर त्याला थंडीची झोप कुठून मिळणार? म्हणून दुसरं रोप लेकीच्या शाळेच्या उत्तरेकडच्या भिंतीशी लावलं, तिच्या वर्गानं पाणी घालायच्या पाळ्या ठरवून घेतल्या. तिसरं ग्राथालेमाच्या त्या शेतकऱ्यांनी नेलं. शाळेतल्या रोपाचा फोटो बाईंनी अलीकडे पाठवला. आता ते वीतभर आहे, आणि त्याला पहिली आडवी फांदी फुटली आहे. आजी फोनवर सांगतात, त्यांचंही जगलं.

तुम्ही म्हणाल, आम्हांला ह्याचा उपयोग काय? तर एक म्हणजे, आपल्याकडे नाताळाचं झाड म्हणून कुंडीत मिळतं ते बहुधा अरोकेरिया असतं. तेही सुंदर, आणि आपली हवा त्याला मानवते. पिन्सापोचा हट्ट आपल्या गावांत धरू नका. दुसरं, फर झाडं आपल्याला परकी नाहीत. हिमालयात पिन्सापोचे सख्खे चुलत आहेत, आणि आजीच्या बटव्यातल्या तालीसादि चूर्णात पडणारं तालीसपत्र म्हणजे हिमालयातल्या फरचीच पानं. आणि तिसरं, कुणाची बहीण, नणंद, मुलगी थंड मुलखात राहत असेल, बागेतल्या झाडाचं बी तिच्या हाताशी असेल, तर तिला ही कृती जरूर कळवा. एकट्या झाडाचं बी असेल तर भरपूर पेरा, आणि शेजारी दुसऱ्या जातीचं फर असेल तर रोप मिश्र निघू शकतं, हे मात्र लक्षात असू द्या.

मी आता पुन्हा एका शाळेत अर्धवेळ शिकवते. जुनी जागा भरली होती, नव्यानं सुरुवात केली. कायम कधी होईन, माहीत नाही.

आणि हो, ती जांभळी साडी. तिच्यावर राळेचे डाग पडले आहेत, पाच-सहा, पिवळट. स्पिरिटाचा बोळा लावून हळूहळू टिपलं की असे डाग जातात, हे ह्याच पानांवर मी कधी तरी वाचलं होतं. स्पिरिटाची बाटली कपाटात आहे. साडीची घडी काढते, नाकाशी धरते, आणि पुन्हा तशीच ठेवून देते.